पातळ तळ आणि दुखरी टाच

प्रश्न : वय ४४, वजन ७८ किलो, अमळनेरला बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून धावतो. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी सहा-सात किलोमीटर. होळीपासून उजवी टाच धरलीय. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं, दहा-पंधरा पावलांनी कमी होतं. धावताना पहिला किलोमीटर जड जातो, मग विसरायला होतं. काउंटरवर तासभर बसून उठलो की पुन्हा तेच. एक्स-रे काढला, त्यात ‘हाड वाढलंय’ असं सांगितलं. तीन जोड बूट बदलले, प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा गुबगुबीत. आता माझा जळगावचा मित्र म्हणतो, ही गादीच काढून टाक, पातळ तळाचे बूट घे. आपले आजोबा अनवाणी औत हाकायचे, त्यांची टाच कधी दुखली? घेऊ का असे बूट?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : घ्या. पण आज नको, आणि घेतलेत तरी पहिले काही आठवडे त्यांत धावू नका. यावर तुमचा मित्र विचारेल, बूट घ्यायचे आणि धावायचं नाही, तर काय देव्हाऱ्यात ठेवायचे? देव्हाऱ्यात नाही, पायातच ठेवायचे. पण बाजारात जाताना, पोरांना शाळेत सोडताना, बँकेतून घरी येताना. असं का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

आधी आजोबांचा विषय मिटवू. माझ्या आजोबांच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की आजी दिव्यावर मेण पातळ करून त्यांत भरायची, आणि तो कार्यक्रम चालू असताना आजोबा जे बोलायचे ते इथे छापता येणार नाही. ‘टाच दुखी ऱ्हायनी’ हे वाक्य आमच्या घरात रोजचं होतं, फक्त त्यावर कोणी वर्तमानपत्राला पत्र लिहीत नव्हतं. तेव्हा त्यांची टाच दुखतच नव्हती, हे काही खरं नाही. पण मित्राच्या बोलण्यात तथ्यही आहे. आजोबांचा पाय चालायला लागल्या दिवसापासून मातीत होता. बोटं पसरलेली, तळवा चामड्यासारखा, आणि काळ्या रानातल्या प्रत्येक ढेकळावर पाऊल वेगळ्या तिरपेनं पडणार. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. आजोबांच्या पायात ती सगळी दिवसभर कामाला होती. तुमची-माझी पावलं पहिलीपासून बुटात गेली आणि पुढे डांबरावर. त्या रस्त्यावर सात किलोमीटरमधलं प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाची नक्कल असतं. आणखी एक फरक आहे. आजोबा चालायचे, धावत नव्हते. बैल उधळला तरच.

अनवाणी चालणं आपल्याकडून अजून गेलेलं नाही. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेली धुळे-जळगावकडची माणसं महामार्गाच्या कडेनं बघा, त्यातले कितीतरी नवसाचे अनवाणी असतात. आपल्या मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीतही असतात. त्यांच्या पायांना वाटेवरच्या गावांत तेल लावून द्यायला, फोड बांधून द्यायला लोक बसलेले असतात, हेही त्याच वेळी बघून घ्या. अनवाणी धावण्याचा मानही मराठी मुलखाचाच. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती भरल्या, तेव्हा अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, पायात काही नाही, शिक्षण काही नाही, आणि वेळ मात्र युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास. ते पाहून टाटांच्या मनात आलं की यांना ऑलिंपिकला धाडायला हवं. पुढच्याच वर्षी, १९२० ला, हिंदुस्थानचा संघ अँटवर्पला गेला. त्यात मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, ते १९ वे आले. अलीकडची उदाहरणं तुम्हाला ठाऊक असतील. बारामतीला २०१३ साली नऊवारीत अनवाणी धावून पहिल्या आलेल्या लता भगवान करे, आणि २०१६ ला अहमदाबादहून मुंबईपर्यंत पाचशेहून जास्त किलोमीटर अनवाणी आलेला मिलिंद सोमण.

मग ‘पातळ तळ’ ही नवी फॅशन आली कुठून? अमेरिकेतून, आणि तीही आपल्याकडच्या गोष्टीवरच, नाव फक्त मेक्सिकोचं. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल नावाच्या पत्रकाराचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. मेक्सिकोच्या डोंगरात राहणारे ताराहुमारा लोक पातळ वहाणा घालून मैलोन् मैल कसे धावतात, याचं ते वर्णन. त्या वहाणा कशाच्या? जुन्या टायरच्या. आपल्या आठवडे बाजारात टायर कापून केलेल्या चपला मिळायच्या, त्या घालणारा माणूस आपल्यासाठी गरीब होता. अमेरिकेत तोच आदर्श झाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, हार्वर्डच्या डॅनिएल लीबरमन यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. सांगणं थोडक्यात असं : जाड टाचेचा बूट घालून धावणारा बहुतेक वेळा टाचेवर उतरतो आणि जमिनीचा एक तीव्र दणका थेट वर जातो. लहानपणापासून अनवाणी धावणारे अनेकदा पावलाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतात, घोटा आणि पोटरी स्प्रिंगसारखी दबते, तो दणका जवळजवळ उरत नाही.

एवढं पुरेसं झालं. पाच बोटं वेगळी दिसणाऱ्या हातमोज्यासारख्या बुटांची विक्री धडाक्यात सुरू झाली. लीबरमन यांनी ‘बूट टाकून द्या, दुखणं जाईल’ असं म्हटलेलंच नव्हतं, ते दुकानदारांनी म्हटलं. २०१३ साली उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला. हेही जन्माचे अनवाणी, पण आपल्या आरामाच्या वेगानं धावताना त्यांतले ७२ टक्के टाचेवरच उतरत होते. म्हणजे अनवाणी माणूस चवड्यावर धावतो हा नियमही सरसकट खरा नाही. वेग किती, जमीन कशी, यावर पाय ठरवतो. आणि २०१४ मध्ये ते पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीनं, बूट आरोग्याला फायद्याचे असल्याच्या दाव्यांवरून झालेल्या खटल्यात, चूक कबूल न करता ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. मी डॉक्टर नाही, पंधरा वर्षं धावतो आहे एवढंच. सहा-सात वर्षांपूर्वी असाच कोणाच्या तरी नादानं पातळ तळाचा जोड मागवला. पहिल्या दिवशी दोन किलोमीटर, काय हलकं वाटलं! शाळेत पी.टी.च्या तासाला पांढरे कॅनव्हासचे बूट असायचे, शनिवारी त्यांना खडू घासायचा, तसेच पाय मोकळे. (ते बूटही पातळ आणि सपाट तळाचेच की. आपण ते शाळाभर घातले आणि कुणी त्यावर पुस्तक लिहिलं नाही.) तिसऱ्या दिवशी उत्साहात मेहरूण तलावाच्या रस्त्यावर सहा किलोमीटर झाले. चौथ्या दिवशी सकाळी पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. जिना मी उलटा, कठडा धरून उतरलो, आणि शेजारचा मुलगा ते मोबाइलवर काढत होता. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण टाच दुखत नव्हती ना, म्हणून मी खूश. तीन आठवड्यांनी पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, बोट ठेवलं तरी कळ येईल अशी जागा झाली. हाडावर ताण आला होता. दीड महिना धावणं बंद.

यातून एक गोष्ट कळली आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. पातळ तळानं ओझं कमी होत नाही. कावड या खांद्यावरची त्या खांद्यावर जाते. जाड बुटात टाच आणि गुडघा जे सोसतात, ते पातळ बुटात पोटरी, टाचेमागची मोठी शीर म्हणजे अकिलीस, आणि पावलाची पुढची लांब हाडं सोसतात. दुसरा खांदा कमावलेला असेल तर काहीच अडचण नाही. मिलिंद सोमणचा आहे, आजोबांचा होता. माझा नव्हता, आणि वीस वर्षं खुर्चीत बसलेल्या तुमच्या पायाचा असण्याचं कारण नाही.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सॅरा रिज यांनी २०१३ साली ३६ सरावलेल्या धावकांवर दहा आठवडे प्रयोग केला. १९ जणांनी हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांत धावायला सुरुवात केली, १७ जण नेहमीच्या बुटांत राहिले. आधी आणि नंतर एम.आर.आय. काढला. पातळवाल्या १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली, जाडवाल्या १७ पैकी एकाच्या. शिवाय हे लोक सांगितल्याप्रमाणे सावकाश गेले होते, माझ्यासारखे तिसऱ्या दिवशी तलावाला फेरी मारायला निघाले नव्हते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो याच रिजबाईंचा २०१९ चा अभ्यास. या वेळी लोकांनी पातळ बुटांत धावायचं नव्हतं, नुसतं चालायचं होतं. आठ आठवड्यांत त्यांच्या पावलांचे स्नायू जाड आणि मजबूत झाले. पावलाचे खास व्यायाम करणाऱ्या गटाचे झाले तितकेच. बूट तसेच पातळ, पण एकदा धावायला आणि एकदा चालायला. म्हणून मी वर म्हटलं, बाजारात घाला.

तुमचं ७८ किलो वजनही मध्ये येतं. ऑस्ट्रेलियात ६१ धावकांवर २६ आठवडे चाललेल्या एका प्रयोगात साधारण ७१ किलोच्या पुढे पातळ बुटांत दुखापतीचा धोका वाढत गेलेला दिसला. ७१ ही काही लक्ष्मणरेषा नाही, पण तुम्ही तिच्या पलीकडच्या बाजूला आहात, एवढं ध्यानात असू द्या.

आता टाचेकडे. तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल, बसून उठल्यावरची कळ, चालल्यावर सैल होणं, ही प्लांटर फॅशियायटिसची अगदी पाठ्यपुस्तकातली आहेत. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पांढरा पट्टा असतो, तो पावलाची कमान धनुष्याच्या दोरीसारखा धरून ठेवतो. पाऊल उचलताना बोटं वर वळली की ही दोरी ताणली जाते आणि कमान घट्ट होते. टाचेपाशी जिथे ती बांधलेली आहे तिथे वर्षानुवर्षांचा ताण साठतो. रात्री पाय सैल पडलेला असतो, दोरी आखडते, आणि सकाळी पहिल्या पावलाला झटक्यात ताणली जाते. तोच तुमचा खिळा. हाड वाढल्याचं मनावर घेऊ नका. एक्स-रेत असा काटा दिसणारे आणि टाच अजिबात न दुखणारे लोक भरपूर असतात. काटा दुखत नाही, दोरी दुखते.

आणि म्हणूनच आज पातळ बूट नको. दुखऱ्या दोरीखालचा आधार एकदम काढून घेणं म्हणजे खांदा सुजलेला असताना कावड बदलण्याऐवजी कावडीत आणखी एक घागर ठेवणं. सध्या घरातही टाईल्सवर अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल घाला. हे मी सांगतोय याची गंमत मलाही कळते, अनवाणीच्या बाजूनं आलेल्या प्रश्नाला चपलेचं उत्तर. पण हे काही दिवसांपुरतं आहे.

खरं काम व्यायामाचं आहे. पुढे सांगतो तो पायरीचा व्यायाम डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी ४८ रुग्णांवर तपासला. तीन महिन्यांनी नुसतं ताणण्याच्या व्यायामापेक्षा तो सरस ठरला. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच झाले, हेही सांगायला हवं, कारण टाच बहुतेकांची वर्षभरात आपोआपच निवळते. पण काही महिने लवकर बरं वाटलं तर कोणाला नको आहे? जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभे राहा, कठड्याला हात. बोटांच्या खाली घडी घातलेला टॉवेल, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील आणि दोरी ताणली जाईल. तीन सेकंद मोजत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद मोजत टाच पायरीच्या खाली. सुरुवातीला बारा वेळा, असे तीन संच, एक दिवसाआड. जमू लागलं की पाठीवर सॅक, सॅकमध्ये पुस्तकं किंवा गव्हाची पिशवी, आणि आवर्तनं कमी. रोज नाही, एक दिवसाआडच. पायरीवर थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळचा खिळा जास्त झाला तर ओझं कमी करा. सकाळी पलंगावरून उतरण्यापूर्वी पाय मांडीवर घेऊन बोटं हातानं वर ओढून दहा-दहा सेकंद दहा वेळा ताणा, पहिलं पाऊल मवाळ पडेल. संध्याकाळी फ्रीझरमधली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणं हे औषध नाही, पण छान वाटतं.

धावणं पूर्ण बंद करू नका, निम्मं करा. अंतर निम्मं, आणि पाऊल जरा आखूड. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. समजा ३८ वेळा, तर तो ४१-४२ वर आणा, वेग तोच ठेवून. पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता खाली पडतं, आणि विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार उतरतो. पातळ बूट घालणाऱ्याचं पाऊल आपोआप आखूड होतं, त्याचा बराचसा गुण या आखूडपणाचाच आहे असं मला वाटतं. तो गुण फुकट मिळतो, बूट न बदलता.

आता श्रावण नुकताच लागलाय. पायरीचा व्यायाम बारा आठवडे केलात की दिवाळी येईल. हा मुहूर्त मी मुद्दाम काढला आहे. पातळ तळाला आपल्या खान्देशात हवामान बघावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना सकाळी नऊलाच डांबर पातळ रबरातून पायाला चटका देतं. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की दोनशे ग्रॅमचा बूट किलोचा होतो. दिवाळी ते महाशिवरात्र हे आपले चार महिने. तोपर्यंत गणपतीनंतर कधीतरी, सकाळचा खिळा बोथट झाला असेल तर, पातळ बूट चालण्यासाठी आणा. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस मिनिटं, मग वाढवत जा. दिवाळीनंतर प्रताप महाविद्यालयाच्या मैदानासारख्या मातीवर, नेहमीच्या धावण्याच्या शेवटी, बूट बदलून पाचशे मीटर. आठवड्यातून दोनदाच. दर आठवड्याला दोन-तीनशे मीटर वाढवा. फेब्रुवारीपर्यंत सलग दोन-अडीच किलोमीटर झाले तर खूप झालं, आणि बाकीचं धावणं नेहमीच्याच बुटांत. जन्मभर दोन जोड आलटून पालटून वापरण्यात काही कमीपणा नाही. पावलाच्या वर एका हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखरी जागा झाली, तर त्याच दिवशी थांबायचं. मी थांबलो नव्हतो.

दुकानात बूट कसा ओळखायचा? ‘बेअरफूट’ असं खोक्यावर लिहिलंय म्हणून घेऊ नका. बूट पोळीच्या सुरळीसारखा गुंडाळता यायला हवा. टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी जवळपास सारखी. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच बोटांपेक्षा साधारण दहा-बारा मिलीमीटर उंच असते, तुम्हाला एकदम शून्यावर उतरायची गरज नाही, चार-पाचवाला जोड मधली पायरी म्हणून चांगला. हलका, आणि पुढे रुंद. घरी कागदावर उभं राहून पावलाची कड पेन्सिलीनं काढा, कागद कापा, आणि दुकानात बुटाच्या आतल्या पातळ गादीवर ठेवा. कागद बाहेर आला तर बूट परत. आमच्याकडे बूट विकणारे याला हसतात, हसू द्या.

ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला बधिरपणा आहे त्यांनी यातलं पातळ तळाचं काहीही करू नये. काटा गेलेला कळणारच नाही. रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, सूज असेल, मुंग्या येत असतील, तर सदर वाचत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे देवपूरकडच्या मैदानावर अनवाणी धावतो. त्याचे मित्र म्हणतात, अनवाणी धावलं की १६०० मीटरला वेळ कमी लागतो. मला काळजी वाटते. शिवाय त्याचे तळवे सपाट आहेत, म्हणून अनवाणी धावल्यानं कमान येईल असंही तो म्हणतो. खरं का?
— एक आई, धुळे

उत्तर : ताई, दोन्हीत थोडं थोडं खरं आहे.

वेळेचं आधी, कारण १६०० मीटरला २० गुण आहेत आणि पोरांचा जीव त्यात अडकलेला असतो. बुटाचं वजन शंभर ग्रॅमनं वाढलं की धावायला साधारण एक टक्का जास्त शक्ती लागते, हे मोजलेलं आहे. त्यातून वेळेत जास्तीत जास्त एक टक्क्याचा फरक धरा. मुलगा १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढत असेल तर तीन सेकंद. जड, स्वस्त, सिमेंटच्या पोत्यासारखे बूट घालून धावणाऱ्याला हे तीन सेकंद बूट काढल्यावर मिळतात आणि त्याला वाटतं अनवाणीची जादू. हलका बूट घेतला तर तेच मिळतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. हे सगळ्यांना पाठ असतं. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत, आणि तेव्हा त्याच्या पायात बूट होते. हे फारसं कोणी सांगत नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊतही सुरुवातीला अनवाणीच धावायची, पुढे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवलं. पण तिचा पाय सावरपाड्याच्या डोंगरवाटांवर लहानपणापासून घडलेला होता. तुमचा मुलगा अनवाणी कधीपासून धावतोय, दोन महिने की दहा वर्षं, ते तुम्ही लिहिलं नाही. गावाकडे वाढलेला, शेतात अनवाणी हिंडलेला असेल तर मी फार घाबरणार नाही. शहरात बुटात वाढलेला असेल तर वरच्या वाचकाला सांगितलेली गती त्यालाही लागू.

सपाट तळव्याचं वेगळं आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या दोन अस्थितज्ज्ञांनी १९९२ साली ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळवा ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत जास्त. म्हणजे लहानपणी अनवाणी असण्याचा कमानीशी संबंध दिसतो. पण ते चार-पाच वर्षांच्या पोरांचं, एकोणिसाव्या वर्षी दोन महिने मैदानावर धावून कमान उभी राहत नाही. एक साधी गोष्ट करून बघा. त्याला चवड्यांवर उभं राहायला सांगा आणि मागून पाहा. टाच उचलताच कमान दिसू लागली तर तळवा लवचीक आहे, त्यानं दुखत नसेल तर धावायला अडसर नाही. चवड्यांवर उभा राहूनही तळवा सपाटच राहिला तर भरतीच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत थांबू नका, आत्ताच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सपाट तळव्यावरून भरतीत पोरं अपात्र ठरतात, आणि लेखी पास झाल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. टॉवेल-पायरीचा व्यायाम त्यालाही द्या. पोटरी कमावली तर शंभर मीटरलाही कामाला येते.

आणि तो ऐकणारच नसेल, अनवाणीच धावणार असेल, तर धावण्याआधी एक फेरी चालत मारून सराटे आणि काचा वेचायला लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यानं शेवटचं कधी घेतलं ते त्याला आठवणार नाही, तुम्हाला आठवेल.